घेणाऱ्याचेही व्रत असते

दात्याचे गुणगान आपण नेहमीच करतो. कर्णापासून गावातल्या देणगीदारापर्यंत सर्वांवर आपण निबंध लिहिले आहेत. मला आज घेणाऱ्याविषयी लिहायचे आहे. कारण गेल्या नाताळच्या सुटीत आठ दिवस मी स्वत: घेणारा होतो.

माझे मामा नर्मदेची पायी परिक्रमा करीत होते. बडवानी सोडून वाट सातपुड्यात शिरते, त्या टप्प्यात मी त्यांना जाऊन मिळालो. अमरकंटकपासून भडोचजवळच्या समुद्रापर्यंत नर्मदेची लांबी सुमारे १,३१२ किलोमीटर. नदी न ओलांडता, तिला सदैव उजव्या हाताला ठेवून दोन्ही तीर चालायचे म्हणजे अडीच हजार किलोमीटरांहून अधिक पायपीट! एवढी वाट माणूस कशाच्या बळावर चालतो? श्रद्धेच्या, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. परंतु श्रद्धेने पोट भरत नाही. ते भरते तीरावरच्या अनोळखी माणसांच्या पिठामिठावर. ‘नर्मदे हर’ म्हणून उभे राहिले की कुणी तयार जेवू घालतो, कुणी ‘सदाव्रत’ म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा देतो. नाव, गाव, जात कुणी विचारीत नाही.

धडगावच्या बाजूला एका झोपडीपाशी आम्हांला अंधार पडला. “बसा, बाबाजी,” घरातली बाई म्हणाली. परिक्रमेत प्रत्येक पुरुष बाबाजीच असतो; पण एकोणीस वर्षांच्या मला ते ऐकून कानकोंडे झाले. मक्याच्या भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीची चटणी. मी चार भाकरी खाल्ल्या. पहाटे जाग आली तेव्हा तिचा मुलगा शेजारून मका उसना घेऊन येत होता. घरातले पीठ रात्रीच संपले होते! मी खिशात हात घातला. तिने नुसती मान हलवली.

निघताना कळले की, त्या घराची खालची चांगली जमीन सरदार सरोवराच्या पाण्यात गेली आहे. नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावांना या धरणाची झळ बसली. २०१९ साली धरण १३८.६८ मीटरपर्यंत भरले, तेव्हा त्याची बातमी मी आनंदाने वाचली होती. ज्याचे शेत पाण्याखाली गेले, त्याच्याच घरी मी भाकरी खाल्ली, आणि ती मागताना मला काहीच ठाऊक नव्हते.

शूलपाणीच्या झाडीत पूर्वी भिल्ल परिक्रमावासीयांना लुटत, अंगावरचे कपडेही नेत, ही गोष्ट आपण रंगवून सांगतो. त्याच डोंगरातल्या भाकरीची गोष्ट मात्र एका वाक्यात उरकतो. हा न्याय कोणता?

जुन्या लोकांनी परिक्रमेला जे नियम घातले, त्यांचा अर्थ मला त्या पहाटे कळला. संग्रह करू नये. शिधा घ्यावा तो आजच्यापुरता. आपले अन्न आपण रांधावे. एकाच दारावर भार न टाकता भिक्षा घरोघर थोडीथोडी मागावी. हे नियम आपण चालणाऱ्याच्या पुण्यासाठी समजतो. वस्तुत: ते देणाऱ्याच्या पिठाच्या डब्यासाठी आहेत. देणाऱ्याने नाही म्हणू नये, हे त्याचे व्रत. त्याच्यावर तशी पाळीच येऊ नये, हे घेणाऱ्याचे! आज चालणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, पुष्कळ जण मोटारीने फिरतात. गर्दी वाढली म्हणून तक्रार नाही. पण देणाऱ्याचे व्रत चालू राहावे आणि घेणाऱ्याचे सुटावे, हे बरे नव्हे.

कुणी म्हणेल, “अरे, ते आनंदाने देतात! हिशेब कसला करतोस?” मान्य. देणाऱ्याने हिशेब करू नयेच. परंतु घेणाऱ्यानेही तो केला नाही, तर त्या आनंदाला आपण फुकटचे जेवण करून टाकतो.

हे ऋण फेडायचे कसे? त्या बाईकडे परत जाऊन फिटणार नाही. तिने पैसे घेतलेच नसते. येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो. आमच्या घराची एक खोली भाड्याने देण्यासाठी असते. मागच्या जूनमध्ये सातपुड्यातला एक मुलगा ती पाहायला आला होता. आमच्याच महाविद्यालयात प्रवेश घेतलेला. घरच्यांनी त्याला गाव विचारले, आडनाव विचारले, आणि खोली गेली म्हणून सांगितले. खोली रिकामी होती. मी तेथेच उभा होतो आणि गप्प राहिलो.

त्याच्या डोंगरात मला कुणी आडनाव विचारले नाही.

सुटीनंतर मी त्याला वर्गात शोधले. दोन बाके मागेच तो बसत होता. गावापासून दूर दुसरीकडे त्याला जागा मिळाली होती. घरी मी या विषयावर बोललो आहे, वादही झाला. येत्या जूनमध्ये काय होते ते पाहायचे. मित्रहो, वाटेवर खाल्लेल्या भाकरीचे वर्णन आपण फार गोड करतो. आपल्या दाराशी थकून आलेल्याला आपण काय विचारतो, तेही एकदा लिहून पाहावे.

— तृतीय वर्ष, कला