‘तुटलेली दिसते’: एका नोंदवहीचे वाचन

‘संहितेकडे परत चला’ असे आपण सर्वच अध्यापक वर्गात अधूनमधून बजावत असतो. बजावणारा स्वतः किती वेळा परत जातो, हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला २००९ च्या पावसाळ्यात पडला. निमित्त साहित्याचे नव्हते. घरातली इंटरनेटची डीएसएल जोडणी सारखी तुटत होती, एवढेच.

महाविद्यालयाने भंगारात काढलेला एक पेंटियम थ्री संगणक मी घरी आणला होता. त्यात दोन नेटवर्क कार्डे बसवून, लिनक्स घालून, विज्ञान शाखेतल्या एका मित्राच्या मदतीने त्याचा राउटर केला. टेलिफोनच्या तारेवरून येणारा संदेश आधी मोडेममध्ये येई. मोडेमचे काम फक्त तारेवरचा संकेत संगणकाला कळेल अशा रूपात पुढे ढकलण्याचे. नाव आणि पासवर्ड देऊन कंपनीच्या यंत्रणेशी संबंध जोडणे व तो टिकवणे, हे राउटरकडे. विकतच्या डब्यापेक्षा या घरगुती यंत्राचा मला एकच मोठा फायदा वाटे: ते जे जे घडेल ते वेळेसह लिहून ठेवते. या लिखाणाला लॉग म्हणतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जोडणी दिवसातून चार-पाचदा तुटू लागली. कारण मला पहिल्याच दिवशी ‘उमगले’: पाऊस. कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या पेटीचे झाकण नीट बसत नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. तांब्याच्या जोडांत ओल शिरली की तारेवरचा गोंगाट वाढतो आणि डीएसएल कोसळते, हेही खरेच आहे. लाइनमन दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी म्हणाले, “सर, एक्स्चेंजपर्यंत टेस्ट केली, लाइन क्लीन आहे. एकदा घरातलं बघून घ्या.” घरातले म्हणजे माझा राउटर, असा अर्थ मी घेतला आणि दुखावलो. तरीही कार्ड बदलले, केबल बदलली, एसएमपीएस बदलला. पंधरा दिवस गेले, फरक पडला नाही. तेव्हा मी टेलिफोन कार्यालयात लेखी तक्रार दिली. भाषा हा आपला व्यवसाय असल्याने तक्रार चांगली उतरली; ‘हेतुपुरस्सर दुर्लक्ष’ असे शब्द तिच्यात होते. त्या दोन शब्दांबद्दल लाइनमनना लेखी खुलासा द्यावा लागला, हे मला पुढे कळले.

लॉग मी तोवर पाहिला नव्हता असे नाही. पण मत ठरल्यानंतर पुरावा पाहतात तसा पाहिला होता. मित्राने खडसावले तेव्हा त्याचे छापील कागद काढून, पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक तुटीच्या ठिकाणी त्याच दोन ओळी होत्या. पहिलीचा आशय: सलग तीन विचारणांना प्रतिसाद आला नाही. दुसरीचा: सिरियल लिंक तुटलेली दिसते. यातले ‘सिरियल लिंक’ हा निव्वळ अवशेष. माझ्या घरात सिरियल तार नव्हती. डायल-अपच्या काळात घडलेला प्रोग्राम नव्या जोडणीवरही जुनेच शब्द वापरत होता. (शब्द आपल्या वस्तूपेक्षा जास्त जगतात, हे भाषाविज्ञानाच्या तासाला सांगायला बरे उदाहरण आहे.) खरे महत्त्व ‘दिसते’ला. प्रोग्राम ‘तुटली आहे’ असे म्हणत नाही. दर वीस सेकंदांनी तो पलीकडच्या टोकाला ‘आहेस ना?’ असे विचारतो. तीनदा उत्तर आले नाही, एवढेच त्याला ठाऊक असते. माझ्या तक्रारअर्जापेक्षा हे क्रियापद कितीतरी सभ्य होते.

आणखी एक गोष्ट दिसली. पलीकडच्या टोकाने संबंध आपणहून बंद केला तर लॉगमध्ये तशी निराळी नोंद येते. साऱ्या कागदांत ती एकदाही नव्हती. म्हणजे कंपनीच्या यंत्रणेने मला बाहेर काढले नव्हते. मधेच कुठेतरी आवाज पोहोचेनासा झाला होता. शिवाय तीन विचारणा वाया जाईपर्यंत मिनिटभर जाते. म्हणून लॉगमधली वेळ ही घटनेची नव्हेच, निवेदकाला घटना कळल्याची वेळ. आणि तार मिनिटाच्या आत पुन्हा सावरली, तर निवेदकाला काही घडल्याचा पत्ताही लागत नाही.

मग दुसरा निवेदक गाठणे आले. मोडेमच्या अंतर्गत पानावर तारेची प्रकृती आकड्यांत दिसते. सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे, ते दाखवणारा आकडा सहा डेसिबलच्या खाली गेला की जोडणी डळमळते असे सर्वसाधारणपणे मानतात. माझा आकडा भर पावसात अकरा-बारा होता. लाइनमन खरे बोलत होते. त्याच पानावर तार पुन्हा जुळून किती मिनिटे झाली तेही दिसे. त्यावरून मागे मोजत तीन दिवस मी तुटीच्या खऱ्या वेळा टिपल्या. सकाळी सव्वासातच्या सुमारास, दुपारी अनियमित, आणि रात्री साडेआठला अगदी न चुकता.

साडेआठ ही आत्याच्या फोनची वेळ.

एप्रिलमध्ये अण्णांचे खुब्याचे हाड मोडले. ते अंथरुणाला खिळले म्हणून मे महिन्यात मी त्यांच्या खोलीत फोनचे एक जादा कनेक्शन ओढून घेतले, आणि ते फिल्टरच्या अलीकडच्या तारेवरून घेतले. एकाच तारेवर माणसाचा आवाज चार किलोहर्ट्झच्या खाली धावतो आणि डीएसएल सुमारे सव्वीस किलोहर्ट्झच्या वर. दोघांना वेगळे ठेवण्याचे काम फिल्टरचे. तो नसलेला फोन वाजला वा उचलला, की तारेचा सगळा तोल बिघडतो आणि मोडेमची पकड सुटते. अण्णा कोषागारातून निवृत्त झालेले. आल्या-गेल्या फोनची वेळ रोजनिशीत लिहिण्याची त्यांची सवय. त्यांची पाने आणि माझी पाने शेजारी ठेवली, वेळा जुळल्या. शंभर-सव्वाशे रुपयांचा फिल्टर लावला आणि तुटणे थांबले. खोलीतला फोन आणि पाऊस पाठोपाठ आले. मी पाऊस निवडला, कारण त्यात माझा हात नव्हता.

उत्तर-संरचनावाद आपल्याकडे गाइडांतून झिरपल्यापासून ‘प्रत्येक वाचन सारखेच ग्राह्य’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत सर्रास येते. आपण त्याला गुणही देतो, कारण ते तपासायला सोपे असते. मला आता ते वाक्य खपत नाही. माझे पहिले वाचन चूक होते, आणि त्याची किंमत ज्याने मोजली तो वाचक नव्हता. कादंबरीच्या चुकीच्या वाचनाने कुणाला खुलासा द्यावा लागत नाही, असे कुणी म्हणेल. पण अर्ज, तक्रारी, अहवाल, चौकशीची कागदपत्रे वाचणारे कारकून-अधिकारी आपल्याच वर्गांतून बाहेर पडतात. निवेदकाला किती ठाऊक आहे, कधी ठाऊक झाले, कशाबद्दल तो गप्प आहे, हे प्रश्न आपण त्यांना केवळ कथनमीमांसेच्या पेपरपुरते शिकवतो आणि परीक्षेनंतर परत घेतो.

एम.ए.च्या पहिल्या तासाला मी अलीकडे त्या लॉगचे एक पान आणि अण्णांच्या रोजनिशीचे एक पान वाटतो, काही न सांगता. बहुतेक जण लॉगवर विश्वास ठेवतात, कारण तो यंत्राचा. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, अण्णांचं घड्याळ बरोबर होतं कशावरून?” ते चार मिनिटे पुढे असे. तिच्यापर्यंत कुणीही हे विचारले नव्हते, मीसुद्धा ते जुळवणी अडल्यावरच तपासले होते.

तक्रार मागे घेण्यासाठी कार्यालयात छापील नमुना नव्हता. कोऱ्या कागदावर लिहून दिले. या खेपेस मसुदा करायला दोन दिवस लागले.