सातबारा दाखवून मत मागणाऱ्यांना

निवडणूक लागली की आमच्या दक्षिण सोलापुरातल्या मंद्रूपला सभा घेणारा उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, तुमच्यातलाच आहे. कारखाना, बँक, कॉलेज ही यादी मागाहून कळते. सातबारा मात्र माईकवरच उघडला जातो. लोक टाळ्या वाजवतात. ज्याचे पाय चिखलात भरले तो खुर्चीत बसला की चिखलातल्यांचं भलं आपोआप होतं, असा एक सिद्धान्त त्या टाळ्यांच्या पोटात असतो. तो इतक्यांदा कानावर पडलाय की तपासून घ्यावा असं कुणाला वाटतच नाही. मला तो मान्य नाही.

पूर्वपक्ष लंगडा करून मांडायचा आणि मग पाडायचा, यात काही मर्दुमकी नाही. तो चांगलाच भक्कम आहे. वसंतदादा पाटील घ्या. सांगलीजवळच्या पद्माळ्याच्या शेतकरी घरातला, शाळेत फार न गेलेला माणूस. १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडला आणि पुढं सहकारी साखर कारखाना उभा करून मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचला. उसाच्या सरीत वाढलेल्या माणसांशिवाय महाराष्ट्रातला सहकार उभा राहिला असता का? वसंतराव नाईकांनी अकरा वर्षांहून जास्त राज्य चालवलं, संकरित ज्वारी रानोमाळ नेली, बहात्तरच्या दुष्काळात लाखोंच्या हाताला काम दिलं. पुस्तकं वाचून शेती शिकलेल्याला हे जमलं नसतं, असं म्हणणाऱ्याला मी एका झटक्यात खोटं पाडू शकत नाही.

पण मग १९८० चं काय करायचं? त्या वर्षी चाकणला कांद्यासाठी आणि नाशिक भागात उसासाठी शेतकरी रस्त्यावर बसला. तेव्हा विधानसभेत शेतकऱ्यांच्या मुलांचा दुष्काळ नव्हता. बाकांवर तेच होते. आणि रस्त्यावरच्यांचा पुढारी कोण होता? शरद जोशी. साताऱ्यात जन्मलेला ब्राह्मण, टपाल खात्यातला अधिकारी, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेची नोकरी केलेला. ती सोडून त्यानं आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः कसून हिशेब मांडला, आणि उत्पादनखर्च भरून निघेल एवढा भाव ही एकच मागणी लावून धरली. जन्मानं शेतकरी असलेल्या अनेक मंत्र्यांना तो हिशेब ठाऊक नव्हता असं नाही. त्यांना तो मांडायला लावणारं कुणी नव्हतं. जोशींच्या खुल्या बाजाराबद्दल माझं त्यांच्याशी पटत नाही, पण तो वाद वेगळा.

आता जरा लांब जाऊ, पोलंडला. लांबचं उदाहरण घेतलं की आपली जात, आपला तालुका, आपला गट मध्ये येत नाही, एवढंच कारण. विन्त्सेंती वितोस हा तिथला खेडूत, गॅलिशियातल्या वेझ्होस्वावित्से गावचा, जन्म १८७४. १९०९ पासून गावचा प्रमुख, आणि देशाचा तीनदा पंतप्रधान होऊनही गावचं ते पद त्यानं १९३१ पर्यंत सोडलं नाही. गळ्यात टाय कधी बांधला नाही. आपल्याकडं असता तर त्याच्या मोकळ्या गळ्यावर कविसंमेलन झालं असतं.

पण त्याला पहिल्यांदा बोलावलं कधी? जुलै १९२० मध्ये, बोल्शेविकांची लाल सेना वॉर्साकडे चालून येत असताना. ती सेना जमीन वाटण्याचं आमिष दाखवत होती आणि पोलिश सरकारला सैन्यात भरती व्हायला खेड्यातली पोरं हवी होती. त्याच महिन्यात तिथल्या संसदेनं जमीनसुधारणेचा कायदा केला आणि त्याच महिन्यात खेडूत पंतप्रधान झाला. राज्याला शेतकरी आठवतो तो अशा वेळी. लढाई जिंकली, १९२१ मध्ये तह झाला, नवी राज्यघटना आली, आणि मोठ्या जमीनदारांच्या जमिनीचं वाटप रेंगाळतच राहिलं.

१९२३ मध्ये हाच वितोस उजव्या पक्षांशी करार करून पुन्हा सत्तेवर आला. चलन रोज घसरत होतं, नोव्हेंबरात क्राकोवच्या रस्त्यावर संपकरी कामगार आणि सैन्य यांच्यात गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. वर्ष संपायच्या आत सरकार पडलं. तिसऱ्यांदा, मे १९२६ मध्ये, त्याला मोजके दिवस मिळाले. योझेफ पिऊसुद्स्कीनं सैन्य घेऊन राजधानी ताब्यात घेतली. चिखलातून आलेला माणूस होता, म्हणून यातली एकही गोष्ट टळली नाही.

इथं दुसरा पक्ष खुशीत येतो. सोलापूरच्या रेल्वे लाइन्सपासून पुण्याच्या प्रभात रोडपर्यंत त्याचे लोक भेटतात. त्यांचं म्हणणं असं की शेतकरी नेते म्हणजे सगळं सोंग. राज्य चालवायला शिकलेली, तज्ज्ञ माणसं लागतात, धोतर-टोपी नको. यांना वितोसची उरलेली गोष्ट सांगायला हवी. १९३० मध्ये पिऊसुद्स्कीच्या राजवटीनं त्याला ब्रेस्टच्या किल्ल्यात डांबलं, खटला चालवून शिक्षा सुनावली. तो चेकोस्लोव्हाकियात परागंदा झाला. त्याआधीच, १९३१ मध्ये, शेतकरी चळवळीची भांडणं करणारी शकलं एकत्र आली होती. ऑगस्ट १९३७ मध्ये दहा दिवस पोलिश शेतकऱ्यांनी शहरांकडे माल जाऊ दिला नाही. परागंदा पुढाऱ्यांना परत येऊ द्या, लोकशाही परत आणा, या त्यांच्या मागण्या होत्या. पोलिसांच्या गोळीबारात चाळीसच्या वर शेतकरी मेले. तज्ज्ञांच्या सरकारासाठी कुणी दहा दिवस दूध अडवल्याचं मी वाचलेलं नाही. वितोसची शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली ती २०२३ मध्ये, तो मरून ७७ वर्षं झाल्यावर.

  

१९३७ च्या त्या दहा दिवसांशी आपली ओळख आहे. १ जून २०१७ ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, दूध-भाजी शहराकडे जायची थांबली, आणि महिना संपायच्या आत सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्या वेळी सहकार खातं आमच्याच दक्षिण सोलापूरच्या आमदारांकडे, सुभाष देशमुखांकडे होतं. म्हणून मंद्रूपच्या शेतकऱ्याला ऑनलाइन अर्जाच्या रांगेतून सूट मिळाली का? नाही, आणि मिळायलाही नको होती. सांगायचं ते इतकंच, की कर्जमाफी कुणाच्या घराण्यातून आली नाही, अडवलेल्या दुधाच्या कॅनमधून आली.

माझ्या बाजूचं मंडन करायचं तर मला दूर जावं लागत नाही; आपल्याच जिल्ह्यातले गणपतराव देशमुख पुरे आहेत. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा जन्म, शिक्षणानं वकील, सांगोल्यातून १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार, आणि २०१४ पर्यंत अकरा वेळा. त्यांच्याबद्दल बोलताना लोक लगेच एसटीवर येतात: एसटीनं फिरायचे, साधे राहायचे. साधेपणाचं हे कौतुक मला अर्धवट वाटतं. एसटीनं फिरणारी हजारो माणसं रोज मंद्रूपवरून सोलापूरला जातात, त्यांच्यामुळं धोरण बदलत नाही. गणपतरावांचं वेगळेपण दुसरीकडे आहे. त्यांनी पक्ष बदलला नाही.

हे किती अवघड होतं ते त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, इतिहास पाहिला की कळतं. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांच्यासारख्या बहुजन समाजातल्या पुढाऱ्यांनी तो उभा केला, १९५० मध्ये दाभाडीला आपली भूमिका ठरवली, आणि काही वर्षांत हे दोघेही काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण पुढं उरल्यासुरल्यांना ओढत राहिलं. प्रत्येक जण जाताना म्हणे, सत्तेत राहून शेतकऱ्याचं काम करता येतं. गणपतराव दोनदा सत्तेत गेले, १९७८ मध्ये आणि १९९९ मध्ये, पण दोन्ही वेळा पक्षाच्या नावानं. १९७८ चं ते सरकार शरद पवारांचं, ज्यांनी वसंतदादांचंच सरकार पाडलं होतं. शेतकऱ्याच्या एका पोरानं शेतकऱ्याच्या दुसऱ्या पोराला पाडलं, आणि सातबाऱ्याचा सिद्धान्त यात कुणाच्या बाजूनं उभा राहतो ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

पक्ष न सोडल्यानं झालं काय? पाण्यासाठी ते आणि नागनाथअण्णा नायकवडी तेरा दुष्काळी तालुक्यांना घेऊन आटपाडीला वर्षानुवर्षं पाणी परिषद भरवत राहिले. सरकारं बदलली, परिषद बदलली नाही. कृष्णेचं पाणी माणदेशात आणणाऱ्या टेंभू योजनेच्या मागं तो रेटा आहे. सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली. आणि लोकांनी त्यांना १९७२ आणि १९९५ मध्ये घरीही बसवलं. ज्याला घरी बसवता येतं, ज्याला आपल्याच पक्षाच्या गावच्या बैठकीत उत्तर द्यावं लागतं, तो नेता शेतकऱ्यांचा. मग त्याच्या नावावर जमीन असो वा नसो.

आमच्या भागात हे असं मोजून पाहता येईल. उजनी धरणातून सोलापूर शहरासाठी भीमेत पाणी सोडत आलेत आणि ते औजच्या बंधाऱ्यात पोचेपर्यंत नदीकाठच्या शेतीपंपांची वीज कमी करत आलेत. डोळ्यांदेखत पाणी वाहतं आणि मोटर बंद असते. शहराला तहान आहे, मान्य. पण वीज किती तास तोडायची हे कोण ठरवतं, त्या बैठकीत औज, टाकळी, मंद्रूपच्या बाजूनं कोण बसतं, आणि तो माणूस परत येऊन काय झालं ते सांगतो का? एवढं विचारलं की सभेतला शेतकऱ्याचा मुलगा घड्याळाकडे बघू लागतो.

शेवटचा आक्षेप मला माहीत आहे: सांगोल्यात तरी काय वेगळं, तिथंही आता गणपतरावांचा नातूच आमदार. खरं आहे, आणि घराणेशाही मला सांगोल्यातही गोड लागत नाही. पण पूर्ण हिशेब असा. २०१९ मध्ये गणपतराव हयात होते, प्रचारात होते, नातू अनिकेत देशमुख उमेदवार होता. सांगोल्यानं त्याला ७६८ मतांनी पाडलं. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले, शेकापकडूनच. आडनाव तेच, सातबारा तोच.