फुकटच्या वर्गाची फी कोण भरतं?

या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलंय. लिहिणारी मैत्रीण दहावीत आहे. तिचे बाबा तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. सुट्टीत त्यांच्या शेजारी बसून पंख्याची आणि पाण्याच्या पंपाची मोटर उघडायला ती शिकली. आता तिला विजेचं शास्त्र मुळापासून शिकायचंय. मोबाइलवर शोधता शोधता एका मोठ्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम सापडला. खाली लिहिलं होतं, 'विनामूल्य'. धावत जाऊन बाबांना दाखवलं, तर ते म्हणाले, "पोरी, एवढं मोठं कॉलेज तुला फुकट कशाला शिकवील? कुठेतरी पाणी मुरतंय. नाव-बिव भरू नकोस."

पत्राच्या शेवटी तिने विचारलंय, "खरंच फुकट असतं का हो? आणि असलं, तर त्यांना परवडतं कसं? बाबांना मी काय सांगू?"

सगळ्यात आधी सांगतो, बाबांचा संशय रास्त आहे. जगात फुकट असं काही नसतं. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याला गरम गरम पिठलं-भात मिळतो, तो त्याला फुकट. पण तांदळाचं पोतं कुणीतरी दिलेलं असतं, आणि पहाटे उठून चूल कुणीतरी पेटवलेली असते. तेव्हा फुकटचं ताट समोर आलं की पळूनही जायचं नाही आणि लगेच बसायचंही नाही. विचारायचं, "हे पोतं कुणी दिलं? आणि का दिलं?"

चला, आज आपण हेच विचारत हिंडू या.

पहिला मुक्काम अमेरिकेतल्या एमआयटीचा, म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा. इथे शिकायची एका वर्षाची फी आजच्या हिशेबाने पन्नास लाख रुपयांच्या वर जाते. राहणं-जेवण वेगळंच! पंचवीस वर्षांपूर्वी इंटरनेट नवं होतं आणि धडे विकून पैसे कमावण्याची स्वप्नं बऱ्याच विद्यापीठांना पडत होती. एमआयटीतल्या प्राध्यापकांनीही हिशेब मांडला. विकून फारसं काही हाती लागेल असं दिसेना. मग त्यांनी उलटाच विचार केला, वाटूनच टाकलं तर? एप्रिल २००१ मध्ये एमआयटीने जाहीर केलं, की आमच्या जवळपास सगळ्या विषयांच्या टिपणवह्या, गृहपाठ आणि प्रश्नपत्रिका आम्ही जगाला खुल्या करू. या उपक्रमाचं नाव ओपनकोर्सवेअर. २००२ साली ५० विषय आले. २००७ पर्यंत ही संख्या १८०० च्या आसपास गेली.

पोतं कुणी दिलं? सुरुवातीला दोन दानी संस्थांनी, एक ह्यूलेट फाउंडेशन आणि दुसरी मेलन फाउंडेशन. ह्यूलेट म्हणजे ह्यूलेट-पॅकार्ड ही संगणक आणि प्रिंटर बनवणारी कंपनी काढणाऱ्या दोघांपैकी एक. उरलेला खर्च एमआयटीने स्वतः केला. आज तो एमआयटीच्या तिजोरीतून आणि देणग्यांतून चालतो. तिथे शिकून गेलेले लोकही त्यात आपला वाटा टाकतात.

पण दोस्तांनो, यातली एक गोम नीट समजून घ्या. ओपनकोर्सवेअरवर धडे मिळतात, पदवी मिळत नाही. प्रश्न मिळतात, पण तुमची वही तपासायला कुणी नसतं. असं का? तुमच्या शिकवणीच्या सरांचंच उदाहरण घ्या. सरांनी एक धडा एकदा रेकॉर्ड केला. तो दहा जणांनी पाहिला काय नि दहा लाखांनी पाहिला काय, सरांचा घसा एकदाच दुखला! पण दहा लाख पेपर तपासायचे म्हटले, की दहा लाख वेळा लाल पेन चालवावं लागतं. शंका सोडवायच्या, तर प्रत्येकाजवळ बसावं लागतं. म्हणून धडा फुकट देणं परवडतं. परीक्षा, तपासणी आणि प्रमाणपत्र या गोष्टींना मात्र बहुतेक ठिकाणी पैसे पडतात. हा भेद कळला, की अर्धं कोडं सुटलं.

आता घरी परत येऊ. आपल्याकडे पोतं कोण देतं? सांगा बघू!

तुम्हीच देता! बिस्किटाचा पुडा घेताना तुम्ही कर भरता. बाबा दुकानासाठी तांब्याची तार आणतात, तेव्हा तेही भरतात. असा गोळा झालेला पैसा सरकार अनेक कामांना लावतं आणि त्यातलं एक काम म्हणजे शिक्षण. २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या पैशातून 'एनपीटीईएल' नावाचा उपक्रम हाती घेतला. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं सगळ्यांसाठी खुली झाली. ज्यांना आयआयटीचं दार उघडलं नाही, अशांनाही तो तास ऐकता येऊ लागला. पुढे ९ जुलै २०१७ ला 'स्वयं' सुरू झालं. त्यात नववीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंतचे अभ्यासक्रम आहेत. नाव नोंदवायला आणि शिकायला पैसे नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल, तर परीक्षा केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची आणि तिचं शुल्क भरायचं. बघा, मघाचाच नियम इथेही लागू आहे!

ज्यांची भावंडं कॉलेजात आहेत त्यांनी हे घरी वाचून दाखवा. २०२१ च्या नियमानुसार, कॉलेजची मान्यता असेल तर एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयं'वरून शिकून त्यांचे गुण पदवीत धरता येतात.

इंग्रजीची धास्ती वाटते? मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम आहे. त्यात संगणकाच्या कितीतरी गोष्टी दहा-दहा मिनिटांच्या पाठांतून शिकवल्या आहेत आणि त्यातले बरेच पाठ मराठीतही आहेत. हाही सरकारी पैशातूनच उभा राहिला. आणि घरात इंटरनेटची बोंब असेल, तर 'स्वयंप्रभा' या शैक्षणिक वाहिन्या टीव्हीवर दिसतात.

टीव्हीवरून आठवलं. आईबाबांना नाहीतर आजोबांना विचारा, दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' लागायचं का? १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाने ते सुरू केलं. इन्सॅट उपग्रहावरून देशभर एकच तास! 'हे कधी संपतंय आणि कार्टून कधी लागतंय' म्हणून वाट बघत बसलेली पोरं आज तुमचे आईबाबा आहेत. म्हणजे सरकारी खर्चाने घरोघर तास पोचवणं आपल्याला नवीन नाही. उपग्रहाच्या जोडीला मोबाइल आला, एवढंच.

तिसरा मुक्काम बाजारातला. इथे डोळे उघडे ठेवून चला.

२०१२ साली स्टॅनफर्डच्या दोन प्राध्यापकांनी 'कोर्सेरा' ही कंपनी काढली. पैसे लावले गुंतवणूकदारांनी. गुंतवणूकदार म्हणजे दानशूर नव्हे बरं का. तो आज शंभर लावतो, ते उद्या दोनशे व्हावेत म्हणून. मग कंपनी काय करणार? धडे दाखवून माणसं जमवणार आणि प्रमाणपत्र विकणार, पदव्या विकणार, मोठ्या कंपन्यांच्या नोकरांना शिकवून पैसे घेणार. यात चोरी नाही, लबाडीही नाही. धंदा आहे. फक्त फुकटचा भाग किती आणि विकतचा किती, हे दुकानदार ठरवतो आणि तो ते बदलूही शकतो.

याचा दाखला म्हणजे 'एडएक्स'. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विद्यापीठांनी २०१२ मध्ये प्रत्येकी तीन कोटी डॉलर घालून ते काढलं, तेही नफा न कमावण्याच्या अटीवर. सुरुवातीला परीक्षाही फुकट! पण खर्च तर दरवर्षी येतो. पुढे गुण देणाऱ्या चाचण्या बहुतेक ठिकाणी पैसे भरणाऱ्यांपुरत्या राहिल्या. २०२१ मध्ये 'टू-यू' नावाच्या कंपनीने एडएक्स ८० कोटी डॉलरना विकत घेतलं आणि २०२४ मध्ये कर्जाच्या ओझ्यामुळे त्या कंपनीलाच दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. पोतं देणारा बदलला, की पंगतीचे नियमही बदलतात. म्हणून आज जे फुकट आहे, ते आजच शिकून घेतलेलं बरं!

आणखी एक प्रकार आहे, 'सात दिवस मोफत'. माझ्या ओळखीच्या एका घरी आठवीतल्या पठ्ठ्याने आईच्या कार्डाचा नंबर टाकून असा अभ्यासक्रम सुरू केला. चार दिवसांत विसरूनही गेला. आठव्या दिवशी आईच्या खात्यातून पैसे गेले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेले! अटी तिथे लिहिलेल्या होत्या, पण मुंगीएवढ्या अक्षरात. घरात जो गोंधळ झाला, तो तुम्हाला सांगायला नको. शिकायला कार्डाचा नंबर मागितला, तर ते फुकट नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता शेवटची फी. ती तुम्हालाच भरायची आहे, आणि ती पैशात भरता येत नाही.

२०१२ मध्ये एमआयटीने इलेक्ट्रॉनिक्सचा एक अभ्यासक्रम जगाला फुकट शिकवला. नावं नोंदवली सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी. उत्तीर्ण किती झाले असतील? ७,१५७! म्हणजे शंभरात पाचसुद्धा नाहीत. कित्येक जण नुसतं डोकावून गेले, कित्येक मध्येच गळाले. कुणी हजेरी घेत नाही, कुणी रागवत नाही. मग 'उद्या बघू' म्हणता म्हणता उद्या उजाडतच नाही.

पण त्याच परीक्षेत ३४० जणांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्यातला एक मंगोलियाच्या राजधानीतला पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता! पुढे त्याला एमआयटीत प्रवेशही मिळाला. ही गोष्ट पुष्कळ जण इथेच थांबवतात. मी थोडी पुढे सांगतो. त्या मुलाचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकून आले होते. त्यांनी शाळेतल्या मुलांचा गट करून हा अभ्यासक्रम घेतला होता आणि प्रयोग करून दाखवायला परदेशातून एक तरुण शिक्षकही बोलावला होता. धडे फुकट होते. शेजारी बसणारं माणूस मात्र शाळेने मिळवून दिलं होतं.

तर दहावीतल्या माझ्या मैत्रिणी, बाबांना काय सांगशील? सांग, की फुकट म्हणजे कुणीतरी पैसे भरलेले असतात, आणि कुणी भरलेत ते मी शोधून काढलंय. त्यांना शेजारी बसवून हे चार प्रश्न विचार:

१. खर्च कोण करतंय? सरकार, दानी संस्था की कंपनी?

२. नेमकं काय फुकट आहे? धडा, परीक्षा की प्रमाणपत्र?

३. कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागतात का? मागितला, तर मागे फिर.

४. आठवड्याला किती तास लागतील, आणि अडलं तर मी कुणाला विचारीन?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या घरातच आहे. धड्यात मोटरचं चुंबकीय क्षेत्र येईल, तेव्हा बाबांना हाक मार. सूत्र तू त्यांना सांग आणि गुंडाळी कुठे जळते ते त्यांच्याकडून समजून घे. इतकी वर्षं हाताने केलेल्या कामामागचं कारण कळलं, तर फुकटच्या वर्गाचा दुसरा विद्यार्थी कोण होईल, ते मी सांगायला नको!

बाकीच्यांसाठी गृहपाठ. घरातल्या मोठ्यांबरोबर एक फुकटचा अभ्यासक्रम शोधा, वरच्या चार प्रश्नांची उत्तरं काढा आणि पोस्टकार्डावर आम्हाला कळवा. आणि हो, नाव नोंदवलंत तर निदान पहिले तीन धडे पूर्ण करूनच पत्र लिहा. डोकावून गेलेल्यांच्या यादीत तुमचं नाव नको!

पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात.