टाचणीचे उथळ पाणी

'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण मराठी माणसाने उथळपणाची अवहेलना करण्यासाठीच घडविली. पाणी खोल असावे, साठा मोठा असावा आणि तो ज्येष्ठापर्यंत टिकावा, ही टंचाईने पोळलेल्या प्रदेशाची स्वाभाविक आकांक्षा होय. वाशीम जिल्ह्याला ती कोणी शिकवावयास नको. परंतु निसर्गाच्या जमाखर्चात उथळ पाण्याचे खाते वेगळे मांडलेले असते. त्या खात्यावर जगणाऱ्या एका लहानशा कीटकाची दखल घ्यावयाची ती केवळ त्याच्या रूपासाठी नव्हे. जलसंधारणाच्या सर्वमान्य कल्पनेत राहून गेलेली एक उणीव तो नेमकी दाखवून देतो, म्हणून.

पाण्याकाठी भिरभिरणारा चतुर सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्याच गणातील, पण अंगाने काडीसारखी बारीक आणि उडण्यात मंद अशी जी मंडळी, त्यांना मराठीने 'टाचणी' हे समर्पक नाव दिले. चतुर बसताना पंख आडवे पसरतो, टाचणी ते पाठीवर मिटून घेते. या नियमाला एक ठळक अपवाद म्हणजे 'लेस्टिस' हा वंश. टाचणी असूनही तो पंख अर्धवट उघडे ठेवून बसतो. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ लुटारू असा आहे. याच वंशातील 'लेस्टिस उम्ब्रिनस' या तपकिरी जातीचे नामकरण बेल्जियमचे कीटकशास्त्रज्ञ सेलिस-लाँगशाँ यांनी १८९१ साली केले. पुढे भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर एफ. सी. फ्रेझर यांनी १९३३ ते १९३६ या काळात चतुर आणि टाचण्यांवर तीन खंड प्रसिद्ध केले, आणि या अभ्यासाला भारतात भक्कम पाया मिळाला. ही तपकिरी जात विदर्भातूनही नोंदली गेली आहे. मात्र कोणत्याही तळ्यावर, कोणत्याही महिन्यात ती भेटेल, असे नाही.

पावसाची वाट पाहणारा जीव

असे का, याचे उत्तर तिच्या वंशाच्या जीवनक्रमात आहे. टाचणीची मादी पाण्यातील लव्हाळ्याच्या वा गवताच्या देठाला चीर पाडून त्यात अंडी घालते. अंड्यातून निघणारे पिल्लू पाण्यातच वाढते. त्याच्या शेपटाकडे पानासारखे तीन कल्ले असतात. खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. तो क्षणार्धात पुढे फेकून ते डासांच्या अळ्या आणि इतर जलकीटक पकडते. लेस्टिसची पिल्ले विशेष चपळ. ती उघड्या पाण्यात धावून शिकार करतात, आणि म्हणूनच माशांच्या दृष्टीस सहज पडतात. जेथे मासे नाहीत, असे पावसाळी डबके हेच त्यांचे सुरक्षित घर. डबके आटण्यापूर्वी वाढ पुरी करावयाची, ही त्यांची शर्यत असते.

या वंशातील काही जातींची खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. पावसाळा सरताना पंख फुटून बाहेर आलेली टाचणी लगेच अंडी घालीत नाही. डबके कोरडे पडते आणि ती वाळलेल्या गवताच्या, झुडपांच्या आश्रयाला जाते. हिवाळा आणि उन्हाळा असे कित्येक महिने ती काडीसारख्या रंगात, काडीलाच चिकटून काढते. मृगाच्या सरी कोसळल्या की तिच्यात प्रजननाची तयारी होते आणि ती पुन्हा पाण्याकडे वळते. म्हणजे तिला दोन घरे लागतात : पावसाळ्यात उथळ, गवताळ, मासेविरहित पाणी; आणि उरलेल्या काळात न जळालेले, न नांगरलेले गवत. यांपैकी एक जरी हिरावले गेले, तरी दुसरे निरुपयोगी ठरते.

पाणलोटाच्या माथ्यावर

वाशीमची भूमी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांच्या सीमेवर वसला आहे. काटेपूर्णेचे पाणी पूर्णेमार्गे तापीला मिळते. अडाण आणि अरुणावतीचे पैनगंगेमार्गे गोदावरीला. पाणलोटाच्या माथ्यावर ओहोळ लहान असतात, पावसापुरते वाहतात आणि मागे डबकी सोडून जातात. कारंजा-सोहळ अभयारण्यातील गवताळ माळ काळविटासाठी राखला गेला. असा माळ टाचणीलाही उपयोगी पडू शकतो. वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी असलेल्या वाशीम नगरीला तर तीर्थे आणि तळी यांची प्राचीन परंपराच आहे.

या भूमीवर पाणी अडविण्याची कामे झाली, ती आवश्यकच होती. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेले जलयुक्त शिवार अभियान असो वा २०१६ ची 'मागेल त्याला शेततळे' योजना असो, त्यांमागील गरज नाकारणे म्हणजे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईची थट्टा करणे होय. कीटकासाठी माणसाने तहानलेले राहावे, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. प्रश्न पाणी अडवावे की नाही हा नाहीच. ते कसे अडवावे, हा आहे. मोजमाप पुस्तिकेत घनमीटर लिहिले जातात. काठाचा उतार, काठावरचे लव्हाळे यांसाठी तीत रकाना नसतो. नाला सरळ खोदला की दोन्ही काठ उभ्या भिंतीसारखे होतात. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर घातले की तेथे देठ रुजत नाही. डासांच्या बंदोबस्तासाठी हौद आणि टाक्यांत गप्पी मासे सोडणे समजण्यासारखे आहे. पण तेच मासे पावसाळी डबक्यात सोडले, तर डासांच्या अळ्यांबरोबर त्या खाणारी टाचणीची पिल्लेही संपतात. आणि उन्हाळ्यात धुरे पेटविले की, पावसाची वाट पाहणारी पिढीच राख होते.

कायद्याचाही आधार येथे तोकडा पडतो. २०१७ च्या पाणथळ क्षेत्रविषयक नियमांनी सिंचनासाठी वा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ही अभिमानाची गोष्ट. परंतु लोणारला नाव आहे, कीर्ती आहे. गावाबाहेरच्या डबक्याला यांतले काहीच नाही. जगातील ६,०१६ जातींच्या चतुर-टाचण्यांचे मूल्यमापन करून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०२१ च्या डिसेंबरात सांगितले की, त्यांतील १६ टक्के जातींना नामशेष होण्याचा धोका आहे. पाणथळ जागांचा ऱ्हास हे त्याचे एक मुख्य कारण. हा ऱ्हास मोठ्या सरोवरांपुरताच मर्यादित आहे, असे समजण्याचे कारण नाही.

दुर्मिळ, की न पाहिलेली?

एखाद्या जिल्ह्यात एखादी जात दुर्मिळ आहे असे म्हणताना दोन गोष्टींची गल्लत होते. ती खरोखरच थोडी असते, किंवा पाहणारेच थोडे असतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातून 'सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स' ही टाचणीची जात विज्ञानाला नवी म्हणून २०१९ साली जाहीर झाली. राबत्या कोकणात जर अशी जात इतकी वर्षे नजरेआड राहू शकते, तर वाशीमच्या माळरानाबद्दल ठाम विधान कोणत्या आधारावर करावयाचे?

हा आधार निर्माण करण्यास मोठ्या निधीची आवश्यकता नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने स्थानिक संस्थांच्या समित्यांवर लोकजैवविविधता नोंदवहीचे काम सोपविले आहे. त्या नोंदवहीत गावतळ्याच्या टाचण्यांना एक पान मिळावे. शाळेने जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एकाच डबक्याची पंधरवड्याने पाहणी करून तारीख, पाण्याची खोली आणि दिसलेले कीटक लिहून ठेवावेत. महाविद्यालयाने उन्हाळ्यात गवताची पाहणी करावी. दहा वर्षे सातत्याने ठेवलेली अशी वही कोणत्याही एकाच पाहणीहून अधिक मोलाची ठरेल. खोदकामाचे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी तळ्याचा एक काठ मंद उताराचा ठेवावा, एक डबके माशांविना सोडावे, आणि शेतकऱ्याने एक धुरा न पेटविता राखावा. यांत साठ्याची हानी नगण्य आहे.

खोल पाणी माणसाची तहान भागविते, ते हवेच. परंतु डासांवर फुकट पहारा देणारी फौज उथळ पाण्यात वाढते. ते पाणी निरुपयोगी ठरवून बुजविण्यापूर्वी त्यात कोण राहते, एवढी चौकशी तरी झाली पाहिजे.