जुन्या सोन्यातली 'घट' जाते कुठे?

आपल्याकडे सोनं घेणं हा सोहळा असतो आणि सोनं विकणं हे जणू पाप. घेताना सासू, नणंद, मावशी असा अख्खा काफिला दुकानात जातो, थंडा मागवला जातो. विकताना बाई एकटी जाते. पर्समध्ये रुमालात बांधलेली पुडी, आणि शक्यतो आपल्या गल्लीपासून लांबचं दुकान. दिव्याची बाई मुंब्र्याला जाते, मुंब्र्याची डोंबिवलीला. ओळखीचं कुणी दिसू नये, एवढीच तिची इच्छा असते. तिच्या या संकोचावर काही दुकानदार वर्षानुवर्षं कमाई करत आहेत आणि आपण सारे गप्प आहोत.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने मध्यंतरी गळ्यातला हार विकला. नवऱ्याचं ऑपरेशन होतं. गोल्ड लोन सहज मिळालं असतं, पण व्याज नको म्हणून तिने विकायचं ठरवलं. दुकानातून आली ती एका व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिलेला एकच आकडा घेऊन. वजन किती, खडे किती वजा केले, कस किती लागला, दर कोणता, काही नाही. तिने विचारलं तर उत्तर मिळालं, "जुनं सोनं आहे, घट जाणारच."

ही घट म्हणजे काय, ते वर्गात फळ्यावर मांडतात तसं मांडून बघू. समजा २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये आहे आणि हार २० ग्रॅमचा. खड्यांचं वजन खरं तर दीड ग्रॅम, दुकानदाराने अंदाजे अडीच धरलं. राहिलं साडेसतरा. त्यातून दहा टक्के घट, म्हणजे १५.७५ ग्रॅम. दर लावला ९,७००, कारण "खरेदीचा दर वेगळा असतो". हातात आले १,५२,७७५ रुपये. आता खडे काढून वजन केलं, सोनं खरोखर २२ कॅरेटचं निघालं आणि आटणीची दोन टक्के तूट मान्य केली, तर १,८१,३०० रुपये व्हायला हवेत. फरक २८,५२५ रुपयांचा. तीन जागी थोडं थोडं कापलं, म्हणून कुठेच फार वाटलं नाही.

सराफांची बाजू मला ठाऊक आहे. जुन्या दागिन्यात डाख असतो, पोकळ दागिन्यात लाख असते, आटवल्यावर वजन थोडं कमी भरतं, भाव उतरला तर फटका त्यांना बसतो. मान्य. पण कॅरेट मीटरवर सोन्याचा कस ८८ टक्के निघाला आणि त्याच हिशेबाने पैसे धरले, तर डाखातली भेसळ त्या ८८ मध्ये आलेली असते. त्यानंतर वेगळी "दहा टक्के घट" कशाची? एकच अशुद्धता दोनदा वजा करणं याला मराठीत घट म्हणत नाहीत. आणि घेताना भरलेली मजुरी परत मिळत नाही, जीएसटीचे ३ टक्केही परत मिळत नाहीत, हे आपल्याला समजतं. ते नुकसान आपण आधीच सोसलेलं असतं.

कायदाही इथे अर्धाच उभा आहे. १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंगची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानात विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकला की शुद्धता दिसते. हॉलमार्क असूनही सोनं कमी कसाचं निघालं तर तुटीच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. हे सगळं ग्राहक घेणारा असताना. तोच ग्राहक विकायला गेला की ही सारी शिस्त दाराबाहेर राहते. आपल्या बहुतेक घरांतलं सोनं आई-आजीच्या काळचं, बिनहॉलमार्कचं. ते विकायला बंदी नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. "हॉलमार्क नाही, आता कोण घेणार" अशी भीती कुणी घातली तर पुडी उचलून बाहेर पडा. बीआयएस मान्यताप्राप्त परीक्षण केंद्रात सामान्य माणूसही दागिना तपासून घेऊ शकतो. चार नगांपर्यंत शुल्क २०० रुपये आहे आणि अहवाल लेखी मिळतो. हजारोंच्या व्यवहारापुढे दोनशे रुपये काहीच नाहीत.

रोख पैशांचा आग्रह हीही एक खूण आहे. एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांवर रोख दिली तर व्यापाऱ्याला ती प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. दोन लाख किंवा जास्त रोख घेण्याला तर कायद्याने सरळ मनाई आहे. तरीही कुणी लाखभर रुपये रोख मोजून देत असेल, तर तुमचा व्यवहार त्याच्या वहीत बहुधा नसतोच. उद्या तक्रार कशाच्या आधारावर करणार?

आता थोडं आपल्या घरातलं. व्याजाविरुद्धचे खुतबे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि ते योग्यच आहे. त्यामुळेच तर आपल्या बायका गहाण न ठेवता विकतात. पण पवित्र कुरआनात माप मारणाऱ्यांच्या नावानेच एक सूरह आहे, ८३ वी, अल-मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर घ्यायचं आणि देताना कमी द्यायचं, या वृत्तीवर ती प्रहार करते. या सूरहवर सराफ बाजाराचं उदाहरण देऊन झालेला खुतबा तुम्ही कधी ऐकलाय? मी तरी नाही.

खड्यांचा तर थेट दाखला आहे. खैबरच्या वेळी हजरत फुदाला (र.) यांनी सोनं आणि मणी असलेला हार बारा दीनारांना घेतला. वेगळा करून पाहिला तर आतलं सोनंच बारा दीनारांहून जास्त भरलं. प्रेषितांनी (स.) सांगितलं की वेगळं केल्याशिवाय असा हार विकू नये. सहीह मुस्लिममधली ही हदीस म्हणजे अंदाजाने खडे वजा करण्याला चौदाशे वर्षांपूर्वी दिलेला नकार आहे.

दुसरा दाखला अदलाबदलीचा. हलक्या खजुरांच्या बदल्यात चांगल्या खजुरा कमी मापाने घेतल्या, तेव्हा हजरत बिलाल (र.) यांना सांगण्यात आलं की आधी त्या विका आणि आलेल्या पैशांतून दुसऱ्या घ्या. सोन्याबदली सोनं घेण्याचा नियमही तसाच: वजन समान आणि व्यवहार हातोहात. "जुनं द्या, नवं न्या, घट शून्य" अशा पाट्यांखाली जाणाऱ्यांनी यावर विचार करावा. तिथली शून्य घट बहुतेक वेळा नव्या दागिन्याच्या मजुरीत वसूल होते. आधी विकून पैसे हातात घ्या, मग वेगळी खरेदी करा. शरीयतही हेच सांगते आणि साधा व्यवहारही.

जकातीच्या वेळी गंमत बघा. हनफी घरांत साडेसात तोळ्यांचा, म्हणजे ८७.४८ ग्रॅमचा निसाब मोजताना अंगावरचे दागिनेही धरतात. शाफई कोकणी घरांत वापरातल्या दागिन्यांवर सूट आहे, यावर दर रमजानमध्ये आपण तासन्‌तास वाद घालतो. पण त्याच दागिन्याला बाजारात किती मिळतं, यावर कुणी पाच मिनिटं खर्च करत नाही.

ते सोनं तिचं असतं, हे वेगळं सांगायला नको. मेहरमध्ये आलेलं असो की माहेराहून, त्यावर नवऱ्याचा हक्क नाही. मग तिच्या मालकीचं विकताना ती चोरासारखी का जाते? तिच्याबरोबर घरातला भाऊ, मुलगा किंवा शिकलेली भाची का नसते? दोन-तीन दुकानांत भाव विचारायला ती का घाबरते?

दिवा-मुंब्र्यात प्रामाणिक सराफ आहेत, मी ओळखते. त्यांना माझी मागणी जड जाणार नाही. विक्रीच्या दराच्या पाटीशेजारी जुन्या सोन्याच्या खरेदीचा दर लिहा. काटा ग्राहकाकडे तोंड करून ठेवा. खडे काढून वजन करा, आटणी तिच्यासमोर करा. आणि छापील पावतीवर पाच गोष्टी द्या: एकूण वजन, खड्यांचं वजन, कस, तूट, दर. ज्यांना हे जमत नाही त्यांच्या दुकानांची नावं आपल्या बायकांना एकमेकींना सांगता येतील. मशिदींच्या कमिट्या निकाहाच्या खर्चावर पत्रकं वाटतातच. एक पत्रक या पाच गोष्टींचंही निघू द्या, उर्दूत आणि मराठीत. मजकूर मी लिहून देते.