दिवाळसणाचा जमाखर्च

अलीकडे लग्नपत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' अशी ओळ छापण्याची पद्धत पडली आहे. ओळ चांगली आहे. परंतु ती कोणाच्या पत्रिकेवर असते, हे माझ्या विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनी एकदा नीट पाहावे. मंगल कार्यालय, रोषणाई आणि हजार पानांची पंगत हा सारा खर्च आहेराच्या पाकिटांवाचून ज्यांना झेपतो, त्यांच्या पत्रिकेवर ती असते. आमच्या वस्तीवरच्या एकाही पत्रिकेवर मी ती पाहिलेली नाही. कारण आमच्याकडे मांडववाल्याचे पैसे संध्याकाळी आहेराची वही मिटल्यावर द्यायचे असतात.

सण साधेपणाने करा, भेटवस्तूंचे अवडंबर कमी करा, अशा अर्थाचे लेख दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर वाचायला मिळतात. त्यांतला विचार मला मान्य आहे. माझा मतभेद एवढाच, की हा उपदेश नेहमी देणाऱ्याला केलेला असतो. थोडे द्या, मनापासून द्या, हाताने केलेले द्या. आता, श्रीमंताने थोडे दिले तर तिला साधी राहणी म्हणतात आणि गरिबाने थोडे दिले तर त्याची ऐपत काढतात. तेव्हा थोड्यात भागवण्याची सुरुवात देणाऱ्याने करून चालणार नाही, ती घेणाऱ्याने केली पाहिजे, असे माझे मत आहे. ते मी दिवाळसणाच्या उदाहरणाने मांडते. कारण हा सण मला हिशेबासकट ठाऊक आहे.

माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. आमच्या बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी दरवर्षी गळीत हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर उतरतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम हंगामाआधी 'उचल' देतो आणि ती पुढे ऊस तोडून फेडायची असते. मी आजीजवळ गावी राहिले म्हणून माझी शाळा टिकली व मी आमच्या घरातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी झाले.

ताईचे लग्न २०२४ च्या मे महिन्यात झाले. त्या वर्षीची दिवाळी म्हणजे दाजींचा दिवाळसण. पाव तोळ्याची अंगठी, दाजींचा पोशाख, व्याह्यांना धोतरजोडी आणि टोपी, विहीणबाईंना साडी, ताईला साडी, ताईच्या नणंदेला साडी, फराळाचे डबे, दोन्हीकडचे जाणे-येणे. सगळे मिळून चाळीस हजारांच्या आत बसले नाही. पैसे अर्थातच उचलीतून गेले.

त्याच वर्षी जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली होती व दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर आला होता. चाळीस हजारांना ३६६ ने भागले तर १०९ टन होतात. पहाटेच्या अंधारात फडात शिरून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. असे दिवसभर केले तर एका कोयत्याचे दोन टनांच्या आसपास काम होते. म्हणजे पंचावन्न दिवस. हंगाम चालतो चार-पाच महिने. त्यातले जवळजवळ दोन महिने माझी आई आणि अण्णा त्या एका पाडव्यासाठी राबले. ही वजाबाकी मी त्यांना करून दाखवली नाही. अण्णांना ती माझ्याआधीच येते.

कोणी मागितले होते का? नाही. विहीणबाई फक्त एवढेच म्हणाल्या, "तुमच्या हौसेनं करा." मुलीच्या आईला या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

येथे कायद्याचा विषय निघतो. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने लग्नातल्या न मागता दिलेल्या भेटींना मुभा ठेवलेली आहे. पण वधूपक्षाकडून आलेल्या भेटी रूढीला धरून असाव्यात आणि त्यांचे मूल्य देणाऱ्याच्या आर्थिक परिस्थितीच्या मानाने अवाजवी नसावे, अशी अट घातली आहे. शिवाय १९८५ च्या नियमांनुसार अशा भेटींची यादी करून ठेवायची असते. अशी यादी मी आमच्या गावात कोणी केलेली पाहिली नाही, ते सोडा. मला त्या अटीतला विचार मोलाचा वाटतो. भेट मोजायची ती देणाऱ्याच्या खिशावरून. आपल्याकडे ती मोजली जाते शेजारच्या घरात काय आले त्यावरून. आणि दिवाळसण तर लग्नानंतर सहा महिन्यांनी येतो. तेव्हा कायदाही आठवत नाही आणि यादीही.

समाजशास्त्राच्या तासाला आम्हाला मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाचा भेटीवरचा १९२५ सालचा निबंध समजावून सांगितला गेला. देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तिन्ही बंधने असतात, भेट कधीच फुकट नसते, असे त्याचे प्रतिपादन आहे. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील जमातींत 'पॉटलॅच' नावाचा समारंभ असे. त्यात प्रतिष्ठेसाठी संपत्ती वाटून टाकत, प्रसंगी नष्टही करत. कॅनडा सरकारने १८८५ पासून त्यावर बंदी घातली, ती १९५१ साली उठली. हे ऐकताना मागच्या बाकावरून कोणीतरी "हे तर आमच्याच गावचं!" असे म्हणाले आणि वर्ग हसला. मीही हसले. पण घरी आल्यावर वाटले, की नाही, आमच्या गावचे याहून वाईट आहे. तेथे देणारा पुढच्या वेळी घेणारा होतो. दिवाळसणात मुलीचा बाप फक्त देतो. त्याला परत मिळायचे ते त्याच्या मुलाच्या सासऱ्याकडून, म्हणजे भलत्याच माणसाकडून. आणि आमच्या घरात आम्ही दोघी बहिणीच आहोत. आमच्या अण्णांची वही एकाच बाजूने भरत जाणार.

याचा अर्थ देवघेव बंद करा असा मी मुळीच काढत नाही. आपल्या सणांत अतिशय शहाण्या भेटी होऊन गेल्या आहेत व अजून टिकून आहेत. दसऱ्याचे आपट्याचे पान घ्या. सावकार कुळाला तेच पान देतो आणि कूळ सावकाराला तेच. मोठे पान देऊन कोणी कोणावर मात करू शकत नाही. संक्रांतीचा तिळगूळही तसाच. चिमूटभर द्यायचा असतो, ओंजळभर दिला तर घेणारा हसेल. रूढीनेच माप ठरवून दिले, त्यामुळे देणाऱ्याची परीक्षा होत नाही. (हल्ली बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या गाड्या भरभरून येतात आणि दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जातात, हा निराळा विषय. एक पान पुरत असताना फांदी का तोडावी, हे मला कळत नाही.)

आपट्याच्या सोन्यामागची कौत्साची गोष्ट सर्वांना माहीत आहे. पण ती आपण अर्धीच सांगतो. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात ती पूर्ण आहे. गुरू वरतंतू प्रथम म्हणतात, तुझी सेवा हीच दक्षिणा. कौत्स हट्टच धरतो तेव्हा ते रागावून चौदा विद्यांचे चौदा कोटी मागतात. रघूच्या कोषागारात सोन्याची वृष्टी होते. राजा म्हणतो सगळे घेऊन जा, आणि कौत्स म्हणतो गुरूला द्यायचे त्याहून अधिक मला नको. सोन्याचा पाऊस आपल्या सर्वांच्या लक्षात राहिला. न मागणारा गुरू आणि जास्तीचे न घेणारा शिष्य हे दोघे मात्र विसरले गेले. मला तर ही देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याची कथा वाटते.

वस्तूंचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी असते व तिच्यात आहेरात आलेली ब्लाउजपिसे, टॉवेल-टोप्या आणि शर्टपिसे ठेवलेली असतात. ती कोणी शिवत नाही. ती पुढच्या लग्नात पुढे सरकतात. आमच्या आजीने एक जांभळा खण चार वर्षांनी आपल्याच घरी परत आलेला ओळखला होता. तिने घडीत कुंकू सांडून खूण झालेली होती. संक्रांतीच्या वाणाचे प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या यांचीही तीच गत. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली नाताळच्या भेटींचा असा हिशेब मांडला होता. भेटीवर देणाऱ्याचा जेवढा पैसा खर्च होतो, तेवढी तिची किंमत घेणाऱ्याला वाटत नाही, आणि या तफावतीत एक दशांश ते एक तृतीयांश मूल्य वाया जाते, असा त्याचा अंदाज होता. आमच्या पत्र्याच्या पेटीत तर सगळेच मूल्य झोपून राहते, एवढेच म्हणेन.

सोन्याचे तसे नाही, सोने ही बचत आहे, असे कोणी म्हणेल. दाजींची अंगठी पुढच्याच उन्हाळ्यात बोअर घेण्यासाठी गहाण पडली. बोअरला पाणी लागले नाही. यात दाजींचा दोष नाही, ते सज्जन आणि कष्टाळू आहेत. परंतु अण्णांच्या उचलीचे कर्ज दाजींच्या गहाणात गेले, एवढाच त्या बचतीचा प्रवास झाला.

आईचे म्हणणे मात्र मला इतक्या सहजी खोडता येत नाही. ती म्हणते, "दिलं म्हणून लेक मानानं नांदते. तुला पुस्तकातलं कळतं, चुलीपुढचं कळत नाही." ती खोटे बोलत नाही. ताईला पहिल्या वर्षी कोणी उणे बोलले नाही, यात त्या चाळीस हजारांचा वाटा नाही असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणूनच मी म्हणते, की अण्णांना उपदेश करणे व्यर्थ आहे. मुलीच्या सुखाचा प्रश्न असताना कोणता बाप साधेपणाचा प्रयोग करील? गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितले, की कर्ज काढून सण-लग्ने करू नका. लोकांनी ऐकले, माना डोलावल्या, आणि दुसऱ्या दिवशी सोयरिकीला गेले. कारण कीर्तनात सासर नसते.

आणखी एक सावधगिरी मला आमच्या मुलींसाठी नोंदवावीशी वाटते. थोडी भेट ही प्रत्येक वेळी निर्मळ असतेच असे नाही. दिवाळीला बहिणीला साडी-चोळी आणि हक्कसोडपत्रावर तिची सही, हा व्यवहार आपण सगळे पाहतो. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतका वाटा मिळाला. दिवाळसण आटोपशीर करावा म्हणून मी लिहीत असले, तरी त्याच्या आडून कोणी तिचा वाटाही आटोपून टाकेल तर ते मला अभिप्रेत नाही. किंबहुना वाटा नीट मिळाला तर अंगठीची गरज पुष्कळ कमी होईल.

आता माझे खरे बोलणे आपल्या कॉलेजातल्या मुलांशी आहे. वर्गात बसलेले तुम्ही बहुतेक जण पाच-सहा वर्षांत कोणाचे तरी जावई होणार. तुमच्यातले कितीतरी जण माझ्यासारख्याच कोयत्याच्या घरातले आहेत. बहिणीच्या वेळी बापाची ओढाताण तुम्ही पाहिलेली आहे. तरीही स्वतःच्या वेळी तुम्ही गप्प बसता आणि म्हणता, "मी कुठं मागितलं?" नुसते न मागणे पुरत नाही. नको म्हणावे लागते, मोठ्याने म्हणावे लागते, आणि काय चालेल तेही सांगावे लागते. नुसते "काही आणू नका" म्हटले तर सासरा त्यालाही शिष्टाचार समजतो आणि दुप्पट आणतो. "मामा, दिवाळीला एक नारळ आणि घरचा फराळ, याहून जास्त आणलंत तर मी परत पाठवीन" असे सांगितले तर त्याला माप कळते.

अधिक मासाचेही तेच. धोंड्याचे जेवण म्हणजे मुळात पुरण भरलेले धोंडे आणि तेहतीस अनारसे. त्यात चांदीचे ताट आणि अंगठ्या कधी शिरल्या ते ज्याने त्याने घरी विचारावे. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. हंगाम संपवून माणसे गावी आलेली असतात आणि पुढल्या हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू झालेली असतात, नेमके ते दिवस.

तेव्हा ज्यांना सांगायचे आहे त्यांनी मुकादमाचा पैसा घरात येण्यापूर्वी सांगावे. सोनाराकडून वस्तू आल्यावर त्या बोलण्याला अर्थ राहत नाही. बायकोच्या तोंडून निरोप पाठवू नये. माहेरी तो मुलीची समजूतदारी म्हणून ऐकला जातो आणि बाजूला ठेवला जातो. स्वतः फोन करावा. आणि तो करताना आपली आई शेजारी बसलेली असावी, म्हणजे "तुमच्या हौसेनं करा" हे वाक्य नंतर वेगळे जायला नको.