रेकॉर्डिंगचा हक्क कायद्यात आहे, सेट टॉप बॉक्समध्ये नाही

डिसेंबरातल्या नगरपरिषद निवडणुकीच्या प्रचारात एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं की कान किटले. "मी असं कधी बोललोच नव्हतो." आधीची निवडणूक २०१६ च्या अखेरची. मधे नऊ वर्षं गेली, त्यातली शेवटची प्रशासकाच्या कारभारात. तेव्हा लोकल केबल चॅनेलवरच्या चर्चेत चोवीस तास पाणी देतो असं कोण म्हणालं होतं, घरपट्टीला हात लावू देणार नाही असं छाती ठोकून कोण सांगत होतं, हे आज दाखवणार कोण? चॅनेलवाल्यांच्या हार्ड डिस्कवर त्यानंतर नऊ वेळा गणपती आणि नवरात्र चढून गेलं. पेपरात चार ओळी सापडतात, पण "असा शब्दच मी वापरला नव्हता" म्हटलं की त्या चार ओळी काय करणार?

माझ्याकडे त्यातलं थोडंफार आहे. कारण तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड करणं सोपं होतं. आज ते जवळपास अशक्य होऊन बसलंय, आणि ते कुणी, का केलं याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

जुनी पद्धत ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. केबलची एकच काळी वायर घरात यायची आणि त्या एका वायरीत सगळी चॅनेल्स एकाच वेळी असायची. वायरीला स्प्लिटर लावायचा, दोन तोंडांचा नाहीतर चार तोंडांचा. एक तोंड टीव्हीला, बाकीची कॉम्प्युटरमधल्या टीव्ही ट्यूनर कार्डांना. प्रत्येक कार्ड आपापलं चॅनेल पकडायचं. एकावर लोकल चॅनेल, दुसऱ्यावर मराठी बातम्या, आणि घरच्यांची मालिका टीव्हीवर बिनधास्त चालू. भांडण नाही.

कटकटी होत्याच. चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सिग्नल एक चतुर्थांशाच्याही खाली येतो, चित्रात मुंग्या दिसायला लागतात, मग बूस्टर आणा. तो स्प्लिटरच्या आधी लावायचा. नंतर लावला तर मुंग्यासुद्धा मोठ्या होऊन येतात. स्वस्त कार्डांचा आवाज एका छोट्या वायरीने साउंड कार्डच्या लाइन-इनला द्यावा लागायचा आणि लाइन-इन एकच, म्हणून दुसऱ्या कार्डावरचा नेता नुसते ओठ हलवायचा. (काही नेत्यांच्या बाबतीत तेच बरं होतं.) एकाच कंपनीची दोन कार्डं लावली तर सोबतच्या सॉफ्टवेअरला बऱ्याचदा पहिलंच दिसायचं. पण या सगळ्या कटकटींवर आपला आपण, दुकानात न जाता, एका रविवारी तोडगा निघायचा. कुणाची परवानगी लागत नव्हती.

मग डिजिटायझेशन आलं. केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली. मोठी शहरं आधी गेली, आपल्यासारख्या नगरपरिषदांच्या गावांना ३१ डिसेंबर २०१५ ही तारीख होती, ती कोर्टकचेरीत पुढे सरकत गेली आणि २०१७ मध्ये ॲनालॉग खऱ्या अर्थाने गेलं. चित्र स्वच्छ झालं, चॅनेल्स वाढली, ग्राहक किती हे केबलवाल्याला लपवता येईना, हे सगळं चांगलंच. पण त्याच कायद्याच्या कलम ४अ मध्ये एक गोष्ट आहे, चॅनेल कुलूप लावूनच, म्हणजे एन्क्रिप्ट करूनच पाठवायचं. त्यात पैसे देऊन बघायचं चॅनेल आणि फुकटचं चॅनेल असा भेद नाही. मग फुकटच्या बातम्यांनाही कुलूप. किल्ली बॉक्समधल्या कार्डात किंवा चिपमध्ये.

याचा घरातला अर्थ असा की एका वायरीत सगळी चॅनेल्स अजूनही आहेत, पण एक बॉक्स एका वेळी एकच चॅनेल उघडून देतो. दोन चॅनेल्स रेकॉर्ड करायची तर दोन बॉक्स. तीन करायची तर तीन, आणि घरच्यांच्या टीव्हीचा वेगळा. प्रत्येक बॉक्सचं वेगळं कनेक्शन. ट्रायने २०२० मध्ये त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठीचं नेटवर्क शुल्क पहिल्याच्या ४० टक्क्यांच्या वर जाऊ नये असं ठरवलं होतं, पण शेवटी बॉक्सगणिक पैसे आहेतच.

बरं, बॉक्स आणला. एचडीएमआयमधून रेकॉर्ड करायला जावं तर तिथे एचडीसीपी नावाचं दुसरं कुलूप, कॅप्चर कार्डाला काळा पडदा. उरली ती पिवळी-लाल-पांढरी वायर. ती ट्यूनर कार्डाच्या किंवा यूएसबी कॅप्चरच्या मागे खोचायची, म्हणजे डिजिटल चित्राचं आधी ॲनालॉग करायचं आणि ते पुन्हा डिजिटल करायचं. नव्या काही बॉक्सना तर ही वायर लावायला जागाच ठेवलेली नाही.

आणि चॅनेल बदलणार कोण? कॉम्प्युटर ट्यूनर कार्डाला हुकूम द्यायचा तसा बॉक्सला देता येत नाही. रिमोटसारखा लाल किरण सोडणारी वायर बॉक्सच्या डोळ्यासमोर चिकटवावी लागते. एकाच मॉडेलचे दोन बॉक्स शेजारी ठेवले की दोन्ही एकाच हुकमाने चॅनेल बदलतात. साडेसातच्या बातम्या लागायच्या ऐवजी दोन्हीकडे भक्ती चॅनेल. मी बॉक्सच्या मधे पुठ्ठा उभा करून डोळ्यावर काळी चिकटपट्टी लावलीय, वायरीपुरतं भोक ठेवून. घरी येणारे विचारतात, हे काय? सांगतो, डिजिटल इंडिया.

कुणी म्हणेल, बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग होतं की. होतं. पण बहुतेक बॉक्सचं ते रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर चालतं, कॉम्प्युटरवर उघडत नाही. बॉक्स बिघडला, बदलून दिला, की तुमचा पेन ड्राइव्ह निकामी. त्याला मी रेकॉर्ड म्हणत नाही. जे ठेवायचं की नाही हे दुसरा ठरवतो ते रेकॉर्ड कसलं?

"यूट्यूबवर असतंच सगळं" हा दुसरा मुद्दा. असतं, चॅनेलची इच्छा असेपर्यंत. अडचणीचा व्हिडिओ खासगी करायला एक क्लिक लागते आणि लोकल चॅनेलला जाहिराती कुणाच्या असतात हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३९. स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग प्रसारणाच्या हक्काचा भंग ठरत नाही. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी रास्त उतारे वापरायलाही तिथे मोकळीक आहे. २०१२ मध्ये कुलूप तोडण्याविरुद्ध कलम ६५अ आलं, पण तेसुद्धा हक्कभंगाच्या हेतूने तोडणाऱ्यासाठी. म्हणजे संसदेने मला रेकॉर्ड करायची मुभा दिली आणि त्याच संसदेच्या दुसऱ्या कायद्याने ती बॉक्समध्ये बंद केली. हक्क कुणी काढून घेतला नाही, फक्त वापरायची जागा बुजवली. (गैरसमज नको. रेकॉर्ड करून आख्खे कार्यक्रम इंटरनेटवर टाकणं किंवा सीडी विकणं हा गुन्हाच आहे, त्याची बाजू मी घेत नाहीये.)

हा हौशी माणसाचा रडगाणं आहे असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांच्याकडे बघा. या बाईंनी तीसहून जास्त वर्षं, २०१२ मध्ये निधन होईपर्यंत, घरात एकाच वेळी कित्येक व्हीसीआर लावून रात्रंदिवस बातम्या रेकॉर्ड केल्या. सुमारे ७० हजार कॅसेटी. शेजारीपाजारी वेडी म्हणाले असतील. आज तो साठा इंटरनेट आर्काइव्हकडे आहे. बीबीसीसारख्या संस्थेने साठ-सत्तरच्या दशकात टेप पुसून पुन्हा वापरल्या आणि हरवलेल्या काही कार्यक्रमांचा आवाज तरी उरला, तो प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावला होता म्हणून. मोठ्या संस्था जपतील या भरवशावर राहिलं की असं होतं.

आपल्याकडे पुस्तक छापलं की १९५४ च्या कायद्याने त्याच्या प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना द्याव्या लागतात, वर्तमानपत्रांचंही तेच. टीव्हीला असं काही नाही. फ्रान्सने १९९२ मध्ये टीव्ही-रेडिओसाठीही तसा कायदा केला. आपल्याकडे चॅनेलने ९० दिवस रेकॉर्डिंग ठेवायचं, केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनेललाही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी तेवढंच बंधन आहे. एक्याण्णवाव्या दिवशी पुसा. नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची, त्याच्या शब्दाची तीन महिन्यांची.

जागेचं कारण कुणी सांगू नये. लोकल चॅनेलच्या बातम्या आणि चर्चा रोज दोन तास धरा, साध्या दर्जात तासाला साधारण अर्धा जीबी. वर्षाचे ३६५ जीबी. एक टीबीच्या डिस्कवर अडीच वर्षं मावतात. पाच वर्षांची मुदत दोन डिस्कमध्ये. एका सत्कार समारंभाच्या शाल-नारळात हा खर्च निघेल.

दूरदर्शनचं कौतुक इथे केलं पाहिजे. डीडी फ्री डिशवरच्या एमपेग-२ मधल्या वाहिन्या, सह्याद्रीसकट, अजून कुलपाशिवाय येतात. छत्रीची वायर सॅटेलाइट ट्यूनर कार्डाला लावली की एका फ्रिक्वेन्सीवरची सगळी चॅनेल्स एकाच कार्डावर, एकाच वेळी, जशीच्या तशी रेकॉर्ड होतात. एक कार्ड, सातआठ चॅनेल्स, चिकटपट्टी नाही. म्हणजे तंत्र अडलेलं नाही. पण त्यात आपलं लोकल चॅनेल कुठून असणार?

बॉक्स कुठल्याही कंपनीच्या केबलला चालावा अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती. आपल्या घरातल्या बॉक्सवर तिचा काही परिणाम दिसलेला नाही. कुलपाचा प्रश्न दिल्लीत सुटायचा तेव्हा सुटेल, त्यासाठी खासदारांना लिहायचं ते लिहू. गावात करण्यासारखं मात्र एक काम आहे. लोकल चॅनेलने ९० दिवसांनंतर पुसण्याऐवजी बातम्या, चर्चा आणि सर्वसाधारण सभेचं चित्रीकरण नगरपरिषदेच्या वाचनालयाला द्यावं, वाचनालयाने ते तारीखवार ठेवावं आणि ओळखपत्र दाखवणाऱ्या कुणालाही तिथे बसून बघू द्यावं. चॅनेलचे मालक आमचे जुने मित्र आहेत, त्यांना ही पोस्ट आवडणार नाही, पण त्यांनी तोंडी "बघू" म्हटलंय.

नव्या नगराध्यक्षांना द्यायचं निवेदन तयार आहे. शनिवारी संध्याकाळी सहानंतर मी वाचनालयात बसतो, ज्यांना सही करायचीय त्यांनी या. आणि कुणाच्या माळ्यावर जुन्या चर्चांच्या, सभांच्या सीडी-कॅसेटी पडल्या असतील तर घेऊन या, व्हीसीआर माझ्याकडे चालू आहे.